लवंगेची गोणी

4 जुलै, वाशी
पाऊस जरा ओसरला तशी मसाला मार्केटला जाऊन आले. नेहमीच्या गाळ्यावर कच्छी शेठ होते. लवंगेची गोणी फोडून मूठभर माझ्या हातावर ठेवली. "जंजिबारची आहे ताई, वास घ्या." मग स्वतःहूनच सांगितलं, त्यांचे खापरपणजोबा तिथे पेढीवर होते. "तिथे आम्ही इंग्रजांची रयत!" मी म्हटलं, कच्छ तर रावांचं संस्थान. शेठ हसले. "ते इकडे. तिकडे कॉन्सल."

5 जुलै
रात्री झोप नाही. हे 'इकडे-तिकडे' डोक्यातून जाईना. कोर्टात अनुवादक होते तेव्हा जुन्या लॉ रिपोर्टांत जंजिबारची अपिलं पाहिली होती. राज्य सुलतानाचं, पण 1839च्या तहानंतर ब्रिटिश प्रजेचे तंटे कॉन्सलकडे, म्हणजे तिथल्या इंग्रज सरकारच्या प्रतिनिधीकडे, जाऊ लागले. 1866 नंतर त्याच्या निकालावरचं अपील थेट मुंबई हायकोर्टात! म्हणजे लवंगेच्या बागेवर दिलेल्या कर्जाचा वाद समुद्र ओलांडून फोर्टात यायचा.

व्यापाऱ्याला ब्रिटिश प्रजा म्हणून मिळणारं हे संरक्षण का हवं, ते उघड आहे. अरब बागाईतदार कर्जबाजारी, सावकार हिंदी. वसुली अडली तर पाठीशी कॉन्सल हवा.

7 जुलै
पण त्या संरक्षणाला दुसरं टोक होतं. 1858 मध्ये मुंबईच्या फौजेतला रिग्बी तिथे कॉन्सल म्हणून गेला. 1860 मध्ये त्यानं बजावलं: ब्रिटिश प्रजा म्हणवता ना, मग गुलाम ठेवता येणार नाहीत. हिंदी घरांतल्या हजारो गुलामांची त्यानं सुटका केली. मोठा सज्जन म्हणून मी त्याला डोक्यावर घेणार नाही, साम्राज्याचा माणूस तो. पण कायदा पाळायला लावला, एवढं खरं.

लगेच काहींना आठवलं, आपण तर कच्छच्या रावांची माणसं! रिग्बीनंतर आलेल्या पेलीनं त्यांना सवलतही दिली. वसुलीला इंग्रज, गुलामाला कच्छी. (माझ्या नोकरीत असे पक्षकार पुष्कळ पाहिले, कर भरताना एक पत्ता, सवलत घेताना दुसरा.) 1869 मध्ये कच्छच्या रावांनी जाहीरनामा काढून परदेशातल्या आपल्या प्रजेचे दावे इंग्रजांवर सोपवले. 1873 मध्ये मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर जंजिबारला वाटाघाटीला गेले; त्या जूनमध्ये सुलतान बर्गशनं तहावर सही केली आणि गुलामांचा बाजार बंद झाला. त्याच तहात एक कलम हिंदी संस्थानांच्या प्रजेसाठी होतं: इंग्रजी छत्राखालच्या कुणीही गुलाम बाळगायचा नाही. दोन्ही डगरींवर पाय ठेवायची सोय संपली.

8 जुलै
या गुलामांच्या विचारात आज नाशिकच्या शरणपूरची आठवण झाली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथल्या मिशनमध्ये वाढायची, शिकायची. त्यांतला जेकब वेनराइट आफ्रिकेत परतला आणि 1874 मध्ये संशोधक लिव्हिंगस्टनच्या शवपेटीसोबत लंडनला पोचला. शरणपूर रोडवरून माझी किती येजा झाली असेल, नाव कशावरून पडलं हे कधी विचारलं नाही.

11 जुलै
पुन्हा मार्केट. शेठना विचारलं, खापरपणजोबांच्या वह्या आहेत का? "एक आहे. कोणाकडून किती येणं, सगळं मांडलेलं."
"घरात कामाला कोण होतं?"
शेठनी तराजूत लवंगा घातल्या. "ते नाही लिहिलेलं." मग दोन लवंगा जास्तीच्या टाकल्या.