पाषाणला जायचं म्हणजे

मुंबईहून साताऱ्याकडे जाताना पुण्याच्या बायपासवर सुतारवाडीपाशी गाडी वळवली, की थोड्याच वेळात पाषाण तलावाच्या काठी उभं राहता येतं. आम्ही आता पुण्याचे पाहुणे. त्यामुळे पुणं जाता जाता बघतो, पाय मोकळे करण्यापुरतं. पूर्वी पाषाणला ‘जावं’ लागायचं. पेठेतून अंधारात सायकली काढायच्या, विद्यापीठाच्या चौकात दम खायचा, नॅशनल केमिकल लॅबोरेटरी मागे पडली की शहर संपलं म्हणायचं. आता शहर संपतच नाही.

पाच जणांत एक दुर्बीण असायची. तीही कुणाच्या तरी काकांची, आणि एका डोळ्याने धूसर. ती हातोहात फिरायची. आपली पाळी येईस्तोवर पक्षी उडालेला असायचा आणि ज्याने पाहिला तो उरलेल्यांना वर्णन ऐकवायचा. आम्ही निम्मे पक्षी असे कानांनी पाहिले आहेत. मग वाद. वारकरी होता की पाणकोंबडी? कपाळ पांढरं होतं की लाल? सलीम अलींचं पुस्तक ग्रंथालयात आणि ग्रंथालय उघडणार संध्याकाळी. तोवर वाद तेवत ठेवणं आलं. तो परतीच्या रस्त्यावर चालायचा, पंक्चर काढून मिळेपर्यंत दुकानाच्या फळीवर बसून चालायचा, अमृततुल्यातही चालायचा. पुस्तक हाती पडेपर्यंत ज्याच्या त्याच्या आठवणीतला पक्षी वेगळ्याच रंगाचा झालेला असायचा.

परवा काठावरच्या पायवाटेवर एक तरुणी भेटली. गळ्यात कॅमेरा, सोबत कुणी नाही. झाडीतून आवाज आला तसा तिने फोन पुढे धरला, फोनने नाव सांगितलं, तिने खात्री करून ते यादीत चढवलं. ही नोंद जगात कुठेही बसलेल्या अभ्यासकाला दिसते म्हणे. वादाला जागाच नाही. आम्हाला जरा चुटपूट लागली, पण खरं सांगायचं तर आमच्या एवढ्या पहाटांची एक ओळ कुठे लिहिलेली नाही. प्रकाश गोळे यांनी १९८२ साली पुण्यातच इकॉलॉजिकल सोसायटी काढली होती. पक्षी बघून ते लिहून ठेवायचे असतात, हे शहरात काही जणांना तेव्हाही ठाऊक होतं. आम्ही पेरू खात होतो.

पाणी मात्र तेव्हा मोकळं होतं. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी थापट्या बदकं चोच पाण्यात घालून गोल गोल फिरायची. आता रामनदी वरच्या वस्त्यांचं सांडपाणी घेऊन येते, त्या खतावर जलपर्णी माजते आणि तलावाचं मैदान होऊन जातं. पर्णीखाली उजेड नाही, प्राणवायू कमी. पोहायला उघडं पाणी लागणाऱ्या बदकांनी उतरायचं कुठे? लांब बोटांच्या जांभळ्या पाणकोंबडीचं मात्र बरं चाललंय, ती पर्णीवरून चालत जाते. पण ‘निसर्ग होता तो’ म्हणून उसासा टाकावा, तर तलाव मुळात इंग्रजांनी रामनदी अडवून केलेला; त्याचं पाणी गणेशखिंडीत गव्हर्नरसाहेबांच्या बंगल्याला जायचं. साहेबाच्या साठवणीच्या टाकीवर आम्ही एवढे हळवे होतो.

आणखी एक. आमच्या त्या ‘आम्ही’त मुली नव्हत्या. अंधारात, गावाबाहेर, सायकलवर पोरीला कोण सोडणार? त्या निवांत पहाटा आम्हाला मिळाल्या तेव्हा आमच्या बहिणी घरी बंब पेटवत होत्या. हे तेव्हा कुणाच्या ध्यानातही आलं नाही. पक्ष्याच्या कपाळावरून मात्र भांडणं.

त्या तरुणीला आम्ही जुने पाषाणकर असल्याचं कळलं तसे तिचे डोळे चमकले.

“काका, इथे पूर्वी चक्रवाक उतरायचे का हो?”

“उतरायचे म्हणजे! खूप.”

“साधारण किती? आणि कुठल्या साली?”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. “खूप,” आम्ही पुन्हा म्हणालो, या खेपेला जरा मोठ्याने.

तिने मान डोलावली, पण फोनमध्ये काही लिहिलं नाही.