लाल डब्याचा लाल

निवृत्तीनंतर माणसाने काय करावे, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. मी सनबोर्डाच्या एसटी गाड्या करू लागलो, हे कळल्यावर मात्र साताऱ्यातील आमच्या परिचितांनी सल्ला देणे थांबवले. प्रतिकृती मूळ गाडीच्या २४ पट लहान; म्हणजे १० मीटरची गाडी सुमारे ४२ सेंटिमीटरांत बसते. कापणे, चिकटवणे, खिडक्यांचे गज ओढणे ही कामे धीराची, पण सरळ आहेत. माप चुकले की पट्टी सांगते. रंगाला अशी पट्टी नाही.

डब्यातील लाल रंग जसाच्या तसा फासला, की गाडी जत्रेतल्या खेळण्यासारखी दिसते. हा दोष रंगाचा नसून अंतराचा आहे. अजिंक्यतारा जवळून तपकिरी दिसतो, आणि लांबचा सज्जनगड निळसर. मधली हवा रंग फिका करते. एक मीटरवरून पाहिलेली ही प्रतिकृती म्हणजे २४ मीटरवरून पाहिलेली गाडी. म्हणून रंग थोडा फिका करावा लागतो. त्यातही लालात नुसता पांढरा मिसळला तर गुलाबी होतो. थोडा नारिंगी आणि किंचित बदामी मिसळणे बरे. चकाकीही मारावी लागते.

काळ्याबाबत आपल्या घरांतील वाचकांना एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. चित्रकारांचा ‘आयव्हरी ब्लॅक’ जाळलेल्या हाडांपासून करतात, आणि नाणावलेले मऊ कुंचले प्राण्यांच्या केसांचे असतात. मी कुंचले नायलॉनचे वापरतो. टायरांसाठी गडद तपकिरीत गडद निळा मिसळतो. हा काळा निव्वळ काळ्यापेक्षा अधिक खराही दिसतो, त्यामुळे यात त्याग वगैरे काही नाही.

सध्याची गाडी अण्णांसाठी आहे. अण्णा माझे थोरले बंधू, वय ७८, सांगलीला असतात. तरुणपणी हळदीचे नमुने पिशवीत घालून ते एसटीने साताऱ्यापर्यंत येत. आता त्यांच्या दृष्टिपटलाचा मधला भाग झिजत चालला आहे. समोरच्या माणसाचा चेहरा पुसट होतो, आणि पुढे रंगही ओळखता येणार नाहीत, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. “आमच्या वेळचा लाल आता कुठे दिसत नाही रे,” असे ते एकदा सहज म्हणाले. तेव्हापासून मी घाईत आहे.

१ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावलेली पहिली एसटी निळी होती आणि तिचा टप चंदेरी होता. लाल पुढे आला. तो नेमका कसा होता, याचा पुरावा मिळणे कठीण. घरातील छायाचित्र कृष्णधवल. जुन्या रंगीत छायाचित्रांतील निळसर छटा आधी उडते आणि सारेच तांबूस होते, तेव्हा तीही साक्ष कच्ची. उरले अण्णा.

मी लालाच्या सात छटा पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर लावून, मागे क्रमांक घालून सांगलीला नेल्या. ट्यूबलाइटखाली न दाखवता अंगणात सकाळच्या उजेडात दाखवल्या. समोर धरल्यावर अण्णांना काही उमगेना. मग त्यांनी मान वळवून डोळ्याच्या कडेने पाहिले. तसे त्यांना बरे दिसते. चौथी पट्टी बराच वेळ हातात राहिली.

“हा आहे. पण हा नव्या गाडीचा. आमची गाडी जुनी होती.”

मग त्यांनी मळाचा हिशेब सांगितला, पेढीवरच्या वहीसारखा. महाबळेश्वरहून आलेल्या गाडीच्या चाकांमागे जांभ्याचा तांबडा चिखल, सांगलीकडच्या गाडीवर काळ्या रानाची राखाडी धूळ. दाराच्या दांडीजवळ मात्र हातांनी घासून रंग उजळ. मी सारे टिपून घेतले. वहिनी आतून म्हणाल्या, “सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, हे बरं आठवतं!” अण्णा हसले.

धूळ कोरड्या कुंचल्याने खालून वर विरळ करीत लावली आहे. टपावर पोती असत, तिथे पिवळेपणा हवाच, असा अण्णांचा आग्रह. खरी हळद उन्हात उडते, हे हळदीच्या व्यापाऱ्याला सांगायला नको. तिथे पिवळ्या मातीचा रंग वापरला. आता बिनचकाकीच्या रोगणाचा एक हात राहिला आहे. शनिवारपर्यंत तो वाळला, की रविवारच्या पहिल्या गाडीने सांगलीला जाईन.