लट्टलूरचे भावी उत्खनन

पुराणवस्तुसंशोधकास एक खापर पुरते. तेवढ्यावरून तो राजाचे राज्य, प्रजेचा आहार आणि वाण्याचा नफा सांगून मोकळा होतो. मग आजपासून हजार वर्षांनी आमचाच मुलूख कोणी खणला, तर तो काय सांगेल? नांदेडहून कंधारमार्गे लातुरास जाताना आम्हांस याच विचाराने घेरले.

नांदेडास पहिल्याच कुदळीस मुलामुलींची चित्रे असलेले मोठमोठे फलक लागतील. प्रत्येक चित्राखाली एक आकडा. पंडित निर्णय देतील, ‘ह्या वीरगळी होत! “नीट” नामक संग्रामात ७२० शत्रू मारणारा वीर सर्वश्रेष्ठ गणला जाई. वामनपंडितांच्या या नगरीत पुढे काव्याचा लोप होऊन केवळ युद्धविद्या उरली. पडलेल्यांची नोंद मात्र कोठेच आढळत नाही.’ या शेवटच्या वाक्याशी आमचे हसू थबकले.

कंधारास कल्पनेची गरजच नाही. तेथे एका प्रचंड मूर्तीचे भग्न अवयव खरोखरच सापडले आहेत आणि राष्ट्रकूटांच्या काळचा जगत्तुंगसमुद्र नामक तलावही आहे. तो पाहून आम्ही पुढे निघालो.

लातुरात घरोघरी निळी पिंपे निघतील. त्यांच्या संख्येवरून कुळाची प्रतिष्ठा ठरविली जाईल. २०१६ सालचा एक हुकूमही हाती लागेल. पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलमान्वये जमावबंदी! ‘पाणी हे येथील परमदैवत, त्याच्या गाभाऱ्याशी पाचजणांसही एकत्र जाण्याची मुभा नसे,’ असा अर्थ लागेल. त्याच वर्षी मिरजेहून पाणी घेऊन येणाऱ्या ‘जलदूत’ गाडीचा उल्लेख मिळताच संस्कृतज्ञ आनंदाने नाचतील. मेघदूताचे उत्तरकाव्य सापडले! मेघ आलाच नाही म्हणून आगगाडी धाडावी लागली, हे त्यांस कोण सांगणार?

राष्ट्रकूट राजे स्वतःस ‘लट्टलूरपुराधीश्वर’ म्हणवीत, आणि ते लट्टलूर म्हणजेच आजचे लातूर, असे अनेक विद्वान मानतात. त्या काळाने मागे तलाव ठेवला. आम्ही पिंपे ठेवणार. आगगाडीने आलेले पाणी त्याच उन्हाळ्यात संपले, तलाव मात्र हजार वर्षे टिकला. तेव्हा भावी संशोधकांची कीव येऊन तरी वाचकांनी आपल्या गावचे एखादे तळे, एखादी बारव गाळ काढून ठेवावी. त्या बिचाऱ्यांस पिंपांखेरीज आमचे आणखी काही सापडावे, एवढीच इच्छा.