चैत्रातली वजाबाकी

सोलापुरात गड्डा उठला की परसबागेची कामे सुरू होतात. संक्रांतीच्या सुमाराची सिद्धेश्वराची यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा, शोभेचे दारूकाम हे सगळे आटोपते. होम मैदानावरचे पाळणे एकेक करून उतरू लागतात आणि पहाटवाऱ्याची बोच कमी होते. अण्णा तेव्हा माळ्यावरचा बियांचा डबा खाली काढीत. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, त्यात वर्तमानपत्राच्या कागदाच्या पुड्या, पुड्यांत गोवरीच्या राखेत घोळलेले बी आणि वरून वाळलेला कडुलिंबाचा पाला. प्रत्येक पुडीवर शिसपेन्सिलीने नाव.

अण्णा आमच्यापैकी एकाचे वडील, दुसरीचे सासरे. पण हाक दोघांचीही एकच. माढा तालुक्यातल्या एका कोरडवाहू गावातून ते तरुणपणी सोलापूरला आले, गिरणीत साच्यावर लागले आणि गिरणी थांबल्यानंतरचे आयुष्य त्यांनी घरामागच्या तीस फूट लांब आणि पंधरा फूट रुंद जागेत काढले. आम्ही दोघे महाविद्यालयात मराठी शिकवणारे. त्यामुळे परसातल्या कामांकडे आम्ही कौतुकाने पाहत असू, आणि कौतुकाने पाहणाऱ्याला काही शिकावे लागत नाही.

माघ-फाल्गुनातली ती कामे आज आम्हांला क्रमाने आठवतात. हिवाळ्यातली मेथी आणि कोथिंबीर फुलावर आली की चार-सहा रोपे बियांसाठी राखायची, बाकीची उपटायची. वांग्याची जुनी झाडे छाटून बुडाशी शेणखत द्यायचे, म्हणजे त्यांना नवी फूट येते. गवार, भेंडी, चवळी वाफ्यात टोकायची. कारल्याचे आणि दोडक्याचे बी टणक कवचाचे, म्हणून ते रात्रभर भिजवून मग आळ्यात लावायचे. वेलांसाठी तुराट्यांचा मांडव घालायचा. काळी माती तडकू लागण्याआधी वरचा थर खुरप्याने भुसभुशीत करायचा, कारण भेग पडली की तिच्यातून खालची ओल निघून जाते. कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे कोरडवाहू शेतकरी सांगतात ते याच कारणाने. शेवटी उसाचे पाचट आणून प्रत्येक आळ्यावर चांगले वीतभर पसरायचे.

एका कोपऱ्यात अंबाडी असे. शेजारच्या अक्का तेलुगूभाषक, त्यांचे कुटुंब विणकरांचे. त्या तिला पुंटीकुरा म्हणत. पलीकडच्या गल्लीतल्या कन्नड घरी ती पुंडी होई. एकाच पानाला तीन नावे आणि तिन्ही घरांत भाकरीबरोबर तीच आंबट भाजी, हे सोलापूरचे भाषाविज्ञान आम्ही वर्गात अनेकदा सांगितले आहे. अंबाडीला पाणी किती लागते, हे मात्र आम्हांला कोणी विचारले असते तर सांगता आले नसते.

वर्गाचा विषय निघालाच आहे, तर एक प्रसंग सांगायला हवा. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ साली प्रसिद्ध झाले. त्यातला वसंत आम्ही अनेक वर्षे मुलांना वाचून दाखवीत आलो. एकदा मंगळवेढ्याकडच्या एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, आमच्याकडे चैत्रात विहिरीचा तळ दिसतो. हा वसंत कुठला?” आम्ही त्याला कविसंकेत समजावून सांगितला. आम्रमोहर, कोकिळ, मलयानिल ही सामग्री संस्कृत काव्यातून मराठीत कशी आली, दुर्गाबाईंनी संकेताच्या पलीकडे जाऊन झाडे स्वतःच्या डोळ्यांनी कशी पाहिली, हे सांगितले. उत्तर चुकीचे नव्हते. पण मुलाने विहिरीविषयी विचारले होते आणि आम्ही ग्रंथाविषयी बोललो होतो. तो “बरं सर” म्हणून खाली बसला.

अण्णा २०१५ च्या दिवाळीनंतर गेले. त्या वर्षीचा पावसाळा कोरडा गेला होता. पुढच्या जानेवारीत गड्डा उठला आणि डबा आम्ही खाली काढला. दुःखात माणसाला काहीतरी भरभरून करावेसे वाटते. आम्ही एकही पुडी शिल्लक ठेवली नाही. अण्णा दर वर्षी निम्मे बी डब्यात राहू देत. त्यांचा हा नियम आम्हांला काटकसरीचा वाटे. त्या दिवशी तो आठवलाही नाही. गवार, भेंडी, चवळी, काकडी, कारली आणि त्यांच्या गावाकडून आलेला, आखूड पण गोड असा दोडका, सगळे लावले. फाल्गुनात परस असे हिरवे झाले, की येणारा-जाणारा थांबून म्हणे, अण्णा असते तर त्यांना बरे वाटले असते. आम्हांलाही तसेच वाटत होते.

चैत्र लागला आणि ऊन चाळिशीकडे गेले. आमच्या वस्तीत पाणी चार-पाच दिवसांआड येई. घरचे भागवून परसासाठी दोनशे लिटरची दोन पिंपे उरत. चारशे लिटर, पाच दिवस. म्हणजे दिवसाला ऐंशी लिटर. झाडे चाळिसाच्या वर. आम्ही शिक्षक माणसे. कोणावर अन्याय नको म्हणून तांब्याने मोजून सर्वांना सारखे पाणी घातले. प्रत्येकाला दोन लिटरही येत नव्हते. वरची दोन बोटे माती भिजे आणि दुपारपर्यंत सुके. पाणी वरच मिळते म्हणून मुळे वरच राहिली आणि वरच्या मातीत ती भाजून निघाली. आधी काकडीने मान टाकली, मग चवळीने. दोडक्याला कळ्या लागल्या होत्या, त्या गळाल्या. एप्रिल संपेपर्यंत वेल मांडवावर दोरीसारखा वाळला होता आणि त्यावर बी धरलेले एकही फळ नव्हते. त्याच महिन्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी गेले. ज्या दिवसांत माणसांसाठी गाडीने पाणी न्यावे लागत होते, त्या दिवसांत एका दोडक्यासाठी डोळ्यांत पाणी आले, हे लिहिताना संकोच वाटतो. पण ते आले होते.

त्या उन्हाळ्यात सकाळचे वर्तमानपत्र आम्ही मागच्या पानापासून नव्हे, उजनीच्या आकड्यापासून वाचीत होतो. भीमेवरचे हे धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाचे नाव यशवंतसागर आणि एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातले सुमारे ६३ टीएमसी पाणी ‘मृतसाठा’ म्हणून धरले जाते. पातळी त्याच्या खाली उतरू लागली की टक्केवारी उणे होत जाते. २०१६ साली ती उणे झालीच होती. २०२४ च्या उन्हाळ्यात तर उणे साठाच्या आसपास पोहोचली. बाहेरच्या माणसाला या शब्दयोजनेचे हसू येईल. जे मृत आहे ते प्यायचे कसे, आणि जे शून्याच्या खाली आहे ते असते कसे? सोलापूरकराला त्यात काही विरोधाभास जाणवत नाही. त्याचा उन्हाळा पुष्कळदा त्या उण्यावरच निघतो.

त्या वर्षी दिवाळीआधी भिंतींना चुना द्यायचा म्हणून आम्ही स्वयंपाकघरातला खिळा उपटला. त्याला जुनी कालनिर्णये एकावर एक अडकवलेली होती. अण्णा त्यावर काही लिहीत, हे आम्हांला ठाऊक होते. काही चौकोनांत ‘पा’ असे अक्षर आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला एक आकडा. मराठी घरात कालनिर्णयावर दुधाचा हिशेब असतो, म्हणून आम्ही तो दुधाचाच धरून चाललो होतो. २०१३ सालचे पान उलटताना अक्का दारात उभ्या होत्या. त्यांना सहज दाखवले. त्या म्हणाल्या, “हे दुधाचं नाही. अण्णा आधी झाडं मोजायचे, मग घागरी.”

आम्ही पुन्हा पाहिले. ‘पा’ म्हणजे नळाला पाणी आलेला दिवस. आकडे २०१३ चे असे: जानेवारी ४२, फेब्रुवारी ४२, मार्च २७, एप्रिल १६, मे ११. तेही दुष्काळाचेच वर्ष होते. त्याच्या पुढच्या वर्षी मे महिन्यात १९. म्हणजे अण्णा सारे परस कधीच वैशाखापर्यंत नेत नसत. मार्चमध्ये नळाच्या दोन पाळ्यांतले अंतर वाढले की ते ठरवीत, कोणाला सोडायचे. सोडलेल्या झाडाचे पाणी ठेवलेल्याला जाई. तेवढ्याच ऐंशी लिटरांत अकरा झाडांना प्रत्येकी सात लिटर येतात, ते खोल मुरतात आणि मुळे ओलीच्या मागे खाली जातात. आम्ही ज्याला त्यांची सवय समजत होतो, ते दर वर्षी नव्याने घेतलेले निर्णय होते. आम्ही लोकांना वाचायला शिकवणारी माणसे, आणि रोज चहा करताना डोळ्यांसमोर असलेला हा मजकूर आम्हांला वाचता आला नव्हता.

मोजून सोडण्याचे हे काम वाटते तितके कोरडे नसावे. फळावर आलेल्या भेंडीच्या आळ्यात आजपासून पाणी घालायचे नाही, हे ठरवणाऱ्याच्या मनात काय चालत असेल, याची अण्णांनी वाच्यता केली नाही. गिरणी थांबली तेव्हा कोणाला ठेवायचे आणि कोणाला सोडायचे, याच्या याद्या त्यांनी दुसऱ्या बाजूने पाहिल्या होत्या. त्या दोन गोष्टींचा संबंध त्यांच्या मनात होता की नाही, आम्ही सांगू शकत नाही. एवढेच आठवते, की सोडलेली झाडे ते उपटून फेकीत नसत. कापून त्यांचाच पाला ठेवलेल्या झाडांच्या बुडाशी पसरीत.

या प्रदेशाने दोन संत असे दिले की ज्यांच्याशिवाय परसाचा विचार पुरा होत नाही. एक सिद्धरामेश्वर, बाराव्या शतकातले कन्नड वचनकार. शहराच्या मध्यभागचे तळे त्यांनी भक्तांच्या श्रमातून खोदवले अशी श्रद्धा आहे. दुसरे सावता माळी, अण्णांच्याच माढा तालुक्यातल्या अरणचे, ज्ञानदेव-नामदेवांचे समकालीन. ते मळा सोडून पंढरीला गेले नाहीत. विठ्ठलच त्यांच्या भेटीला आला, अशी कथा आहे, आणि आषाढीनंतर पांडुरंगाची पालखी पंढरपूरहून अरणला जाते. सावतोबांच्या अभंगांतली भाजी, विहीर आणि मोट आम्ही आजवर रूपके म्हणून शिकवली. आता वाटते, आधी ती भाजी, विहीर आणि मोट म्हणूनच शिकवायला हवी होती. पंढरी जवळ असूनही मळा न सोडणे हे भक्तीचे तत्त्वज्ञान असेलच. पण उन्हाळ्यात चार दिवस पाणी चुकले तर मळा राहत नाही, हेही त्यात असणारच.

त्या विद्यार्थ्याला द्यायचे उत्तर आम्हांला असे उशिरा सापडले. त्याच्या चैत्रात वसंत नव्हता असे नाही. त्याच्या वसंताचे काम वेगळे होते. जिथे पाणी आहे तिथे वसंत बेरीज करतो. आमच्याकडे तो वजाबाकी करायला लावतो. पहिल्या वसंताला मोठी काव्यपरंपरा मिळाली. दुसरा कालनिर्णयाच्या चौकोनांत शिसपेन्सिलीने लिहिला गेला. आपापल्या गावाचे ऋतुचक्र ज्याने त्याने लिहावे, असे आता आम्ही वर्गात सांगतो, आणि त्या आधी घरातली जुनी कालनिर्णये वाचायला सांगतो.

दोडका मात्र गेला. अण्णांनी अक्कांना दिलेल्या बियांचे काय झाले, हे आम्ही मोठ्या आशेने विचारले होते. त्यांच्या मागच्या अंगणात मुलाने यंत्रमागाची शेड वाढवली, तिथे आता फरशी आहे. गावाकडेही चौकशी केली. तिथे सगळे दुकानातले संकरित बी लावतात, ते वाण कोणाकडे नव्हते. असो. पुड्यांपैकी दोडक्याची रिकामी पुडी आम्ही डब्यात तशीच ठेवली आहे, त्यांच्या अक्षरासह.

आता आमची कामे अशी चालतात. गड्डा उठला की डबा काढायचा, निम्मे बी परत ठेवायचे. वेलांच्या आळ्यात बिनझिलईचे मडके गळ्यापर्यंत पुरायचे, भरून वर झाकण ठेवायचे. पाणी झिरपत थेट मुळांशी जाते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका चिनी शेतीग्रंथात वेलफळांसाठी हीच युक्ती सांगितली आहे, हे वाचून आम्हांला पुस्तकी माणसांचा आनंद झाला. मडकी कुंभाराकडून आणतो, वाजवून घेतो. होळीपर्यंत पाचट पसरून होते. पाडव्याला गुढी उभारली की दोघे परसात जातो, झाडे मोजतो आणि बोलत नाही.

सोडायची झाडे ठरवायला आम्हांला अजून फार वेळ लागतो. एक जण एखाद्या झाडावर बोट ठेवतो, दुसरी म्हणते, याला आठवडाभर पाहू या. यंदा मे महिन्यासाठी लिहिलेला आकडा तेरा आहे. पाणी २०१३ इतकेच धरले, तर तो अण्णांच्या आकड्याहून दोनने जास्त आहे. ती दोन झाडे कोणती, हे आम्हां दोघांनाही माहीत आहे.