गाठ वाढते तेव्हा

पुणे

चि. मृण्मयी हिस,


उंदरांच्या टी-पेशींवरील एकाच रेणूच्या अभ्यासात उमेदीची वर्षे घालवावीत, की रुग्णाच्या थेट उपयोगी पडणारा विषय निवडावा, हा तुझ्या पत्रातील प्रश्न प्रतिकारशास्त्रात नवा नाही. त्याचा निर्णय घेण्यापूर्वी जेम्स अ‍ॅलिसन यांची कारकीर्द बारकाईने पाहणे उचित ठरेल. टेक्सासमधील अ‍ॅलिस या गावी १९४८ साली जन्मलेले अ‍ॅलिसन शाळेत असतानाच त्यांची आई लिम्फोमाने, म्हणजे लसीकापेशींच्या कर्करोगाने, गेली, तरीही पुढे त्यांनी हाती घेतलेला प्रश्न कर्करोग बरा करण्याचा नव्हता. थायमस ग्रंथीत परिपक्व होणाऱ्या आणि बाधित पेशी हुडकून त्यांचा नाश करणाऱ्या टी-पेशी नेमके काय ओळखतात आणि कधी चेततात, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते.

या पेशींच्या पृष्ठभागावरील, परके प्रथिन ओळखणारा ग्राही रेणू त्यांनी १९८२ मध्ये हुडकला. पुढे बर्कलीच्या प्रयोगशाळेत असे दिसून आले की केवळ ओळख पटून टी-पेशी कामाला लागत नाही, तिला सीडी-२८ या दुसऱ्या रेणूकडूनही संकेत मिळावा लागतो. याच रेणूशी साम्य असलेला सीटीएलए-४ हा रेणू फ्रान्समधील संशोधकांना १९८७ मध्ये सापडला होता, आणि या साम्यामुळे तोही पेशीला चेतवणाराच असावा, असे अनेकांचे मत होते. अ‍ॅलिसन आणि त्यांचे विद्यार्थी मॅथ्यू क्रमेल यांनी, तसेच स्वतंत्रपणे जेफ्री ब्लूस्टोन यांच्या गटाने, तो प्रत्यक्षात गाडीच्या ब्रेकसारखे काम करतो हे दाखवले. हा ब्रेक किती आवश्यक असतो, याची साक्ष १९९५ मध्ये मिळाली: सीटीएलए-४ नसलेल्या उंदरांमध्ये टी-पेशी बेसुमार वाढल्या आणि ते तीन-चार आठवड्यांतच दगावले. म्हणूनच तो काही काळ रोखून धरला तर टी-पेशी कर्करोगाच्या गाठीवर तुटून पडतील, हा अ‍ॅलिसन यांचा तर्क धाडसाचा होता.

१९९४ च्या अखेरीस त्यांचे सहकारी डॅना लीच यांनी गाठी असलेल्या उंदरांना सीटीएलए-४ रोखणारे प्रतिपिंड टोचले आणि गाठी नाहीशा झाल्या. निकाल इतका चांगला होता की अ‍ॅलिसन यांचा त्यावर विश्वास बसेना. नाताळच्या सुट्टीत प्रयोग पुन्हा मांडला गेला आणि कोणत्या पिंजऱ्यात औषध दिले आहे हे ठाऊक नसताना त्यांनी स्वतः मोजमापे घेतली. सुरुवातीचे दिवस सगळ्याच पिंजऱ्यांतील गाठी वाढत राहिल्या आणि प्रयोग फसला असे वाटू लागले. नंतर मात्र काही पिंजऱ्यांतील गाठी वाढायच्या थांबल्या, आकसल्या आणि विरून गेल्या.

हा विलंब या साऱ्या कथेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट मानायला हवी, कारण पुढे माणसांवरील चाचण्यांतही तोच आढळला. ठराविक आठवड्यांत गाठ लहान झाली तरच औषध गुणकारी, हा कर्करोगशास्त्राचा निकष पेशी थेट मारणाऱ्या रसायनांसाठी घडला होता. इथे तर टी-पेशींची संख्या वाढून त्या गाठीत शिरेपर्यंत वेळ जाई आणि त्यांच्या गर्दीने गाठ उलट फुगलेलीही दिसे. सीटीएलए-४ रोखणाऱ्या एका औषधाची मोठी चाचणी २००८ मध्ये निष्फळ ठरवून थांबवण्यात आली. इपिलिमुमॅब या त्याच जातीच्या दुसऱ्या औषधाच्या चाचणीत मात्र गाठीच्या आकाराऐवजी रुग्ण किती काळ जगतो हाच मुख्य निकष ठेवला गेला आणि २०१० मध्ये निकाल आला: पसरलेल्या मेलॅनोमाच्या, म्हणजे त्वचेतील रंगपेशींच्या कर्करोगाच्या, रुग्णांचे मध्यम आयुर्मान सुमारे ६.४ महिन्यांवरून १० महिन्यांवर गेले. हा फरक वरवर लहान दिसतो, पण खरी किंमत या मध्यम आकड्यात नाही. उपचारानंतर तीन वर्षे जगलेल्या सुमारे एक-पंचमांश रुग्णांपैकी बहुतेक जण पुढेही वर्षानुवर्षे जगत राहिले. ब्रेक सुटल्याने आतड्याला होणारी तीव्र सूज ही या उपचाराची जबर किंमत आहे, तीही लपवण्याजोगी नाही.

अमेरिकेत २०११ मध्ये औषधाला मान्यता मिळाली, आणि पीडी-१ या दुसऱ्या ब्रेकचा शोध लावणारे तासुकू होंजो यांच्यासह अ‍ॅलिसन यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९९६ च्या मार्चमध्ये ‘सायन्स’मध्ये आलेला उंदरांवरील तो शोधनिबंध अवघ्या तीन पानांचा आहे, विषय बदलण्याबाबत मार्गदर्शकांशी बोलण्यापूर्वी तो वाचावास आणि गाठींच्या वाढीचा आलेख पहिल्या दिवसापासून क्रमाने पाहावास.

कळावे,
तुझी आत्या