अलिबाग ते मुरूड : एका जुन्या मोटारीची परीक्षा

अलिबागहून दक्षिणेस मुरूडकडे जाणारे बहुतेक प्रवासी समुद्र, किल्ले आणि नारळीपोफळीच्या वाड्या पाहाण्यासाठीं जातात. आम्ही गेल्या कार्तिकांत त्या रस्त्यानें गेलों तो हेतु मात्र निराळा होता. आमच्या घरची जुनी 'पद्मिनी' मोटार पेट्रोल फार पिऊं लागली होती, आणि ती ठेवावी कीं मोडींत काढावी या प्रश्नावर घरांत दोन तट पडले होते. सुमारें पन्नास किलोमीटरांच्या या वाटेवर सपाटी आहे, खाडीवरचा पूल आहे आणि चढउतारही भरपूर आहेत. तेव्हां मोटारीची नाडी पाहाण्यास हा रस्ता सोईचा, असें आमच्या वडील बंधूंनीं सुचविलें.

ही मोटार मुंबईस कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांत, इटलीच्या फियाट मोटारीच्या धर्तीवर तयार होत असे. चार सिलिंडरांचें १०८९ घनसेंटिमीटरांचें इंजिन, आणि पेट्रोल व हवा यांचें मिश्रण करणारा साधा कार्ब्युरेटर. आजच्या मोटारींत हें मिश्रण संगणक ठरवितो. येथें तें काम कांहीं बारीक छिद्रें, एक तरंगता फ्लोट आणि एक-दोन झडपा यांच्यावर सोपविलेलें असतें. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतील शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. खाजगी घरांतून मात्र कांहीं अजून नांदत आहेत. खाजगी मोटारीस १५ वर्षें झालीं म्हणजे पुढें दर ५ वर्षांनीं नोंदणीचें नूतनीकरण करावें लागतें. आमची ती मुदत जवळ आली होती. त्यांतच एका कारागिरानें, 'इंजिन उतरवून सिलिंडर बोअर केल्यावांचून गत्यंतर नाहीं,' असें सांगून मोठ्या खर्चाचा आकडा पुढें ठेवला. एवढा खर्च करण्यापेक्षां २०२१ च्या सरकारी धोरणाप्रमाणें गाडी भंगार केंद्राच्या स्वाधीन करावी, असें काकांचें मत पडलें. मातोश्री म्हणाल्या, "टाकायची तर टाका, पण दुखणें काय आहे तें आधीं कोणी पाहिलें आहे का?"

त्यांचा प्रश्न रास्त होता. कै. तीर्थरूपांच्या टिपणवहींत लिटरमागें १४ किलोमीटर असा हिशेब लिहिलेला होता. परंतु आज ती किती चालते हें अजमासानेंच बोललें जात होतें. म्हणून आम्हीं अलिबागेस टाकी तोंडापर्यंत भरली व मोटारीच्या आंकड्यांची नोंद केली. तो आंकडा तरी खरा कशावरून? रस्त्याकडेच्या मैलांच्या दगडांशीं दहा किलोमीटर तो ताडून पाहिला, तेव्हां भरंवसा आला.

मोजणीच्या या दक्षतेचा एक मोठा दाखला अलिबागेसच आहे. येथील चुंबकीय वेधशाळा मूळची मुंबईंतील कुलाब्याची. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरलें, तेव्हां त्या विजेनें पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं सूक्ष्म मापनें बिघडतील हें ओळखून नानाभाई मूस यांनीं १९०४ सालीं तें काम येथें आणलें. ट्राम १९०७ सालीं धांवूं लागली आणि १९६४ सालीं बंदही झाली. अलिबागचीं मापनें चालूच आहेत. बाहेरची गडबड दूर केल्यावांचून आंतला खरा आंकडा हातीं येत नाहीं, हा नियम मोटारीसही लागू पडतो. चाकांत हवा कमी असेल तर इंजिनास दोष देण्यांत अर्थ नाहीं. म्हणून निघण्यापूर्वीं चारी चाकांची हवा पुस्तकाप्रमाणें भरून घेतली.

चौलास रामेश्वराच्या देवळाजवळ पहिला मुक्काम केला. जुन्या व्यापारी बंदराचें हें गांव आतां वाड्यांच्या सावलींत निवांत पहुडलें आहे. दर्शन घेऊन येईपर्यंत मोटारीखालीं एक कोरा कागद पसरून ठेवला होता. त्यावर थेंब पडला नाहीं. परंतु बॉनेट उघडतांच पेट्रोलचा वास आला आणि पंपाजवळची रबरी नळी बोटांस ओलसर लागली. दोष थोडा होता, पण खरा होता. पुढें रेवदंड्याचे पोर्तुगीज तट उजवीकडे टाकून कुंडलिकेच्या खाडीवरील पूल ओलांडला. पलीकडे सपाट व निर्मनुष्य जागा पाहून वडील बंधूंनीं गिअर काढला आणि मोटार आपल्या वेगानें धांवूं दिली. ती लौकरच थबकली. उतरून चाकांजवळ हात नेला, तों तीन चाकें बेताचीं कोमट आणि मागचें डावें इतकें तापलेलें कीं तळवा टेकवेना. ब्रेक न दाबतांही त्या चाकाचा ब्रेक धरून बसला होता! इंजिन बिचारें सारा वेळ त्या ब्रेकाशीं झगडत होतें.

कोर्लईचा किल्ला समुद्रांत शिरलेल्या डोंगराच्या कण्यावर आहे. पायथ्याच्या गांवांतील ख्रिस्ती वस्तींत पोर्तुगीज व मराठी यांच्या मिलाफांतून झालेली एक बोली अजून बोलली जाते. तेथून काशीदकडे रस्ता वळणें घेत चढूं लागतो. डाव्या हातास फणसाडचें रान आणि उजव्या हातास खालीं निळा समुद्र. हा देखावा पाहात बसावें असा. परंतु आमचे धाकटे बंधु मागच्या काचेंतून धुराकडे डोळे लावून बसले होते. चढावर धूर काळा निघाला. इंजिनाच्या रोगांत धुराचा रंग हें मोठें लक्षण आहे. निळसर धूर म्हणजे तेल जळतें, रिंगा व सिलिंडर झिजले. काळा धूर म्हणजे हवेच्या मानानें पेट्रोल अधिक. निळा धूर आम्हांस कोठेंही दिसला नाहीं, आणि तेल मोजण्याची पट्टी मुरूडास काढून पाहिली तेव्हां तेलही उतरलेलें नव्हतें.

मुरूडास टाकी पुन्हां भरली. ५२ किलोमीटरांस ६ लिटर. म्हणजे लिटरमागें पावणेनऊच्या आंत. नंतर एका वृद्ध मिस्तरींच्या पडवींत गाडी लावली. इंजिन उतरविण्याची गोष्ट काढतांच ते म्हणाले, "साहेब, इंजिन खोलायला आठ दिवस लागतील, चाक उचलायला दोन मिनिटें. आधीं चाक बघूं." चाक हातानें फिरेना. ड्रम काढला तों आंतील स्प्रिंग गंजून मोडली होती, आणि ब्रेकचा लहान दट्ट्या आपल्या जागीं परत येत नव्हता. मग चारी प्लग काढून ओळीनें मांडले. चारींवर सारखीच काळी कोरडी काजळी. एकच काळा असता तर त्या एका सिलिंडरांत दोष शोधावा लागला असता. चारीही काळे, तेव्हां कारण सर्वांचें सामाईक. तें लगेच सांपडलें. थंड इंजिन चालू करतांना ओढावयाची चोकची मूठ पुरती आंत जात होती, पण तिची तार गंजल्यामुळें कार्ब्युरेटरावरील झडप अर्धी मिटलेलीच राहात होती. शिवाय हवेची गाळणी तांबड्या धुळीनें बुजली होती. शेवटीं त्यांनीं चारी सिलिंडरांचा दाब यंत्रानें मोजला. तो चोहोंकडे जवळजवळ सारखा व चांगला भरला. इंजिन निरोगी होतें.

नव्या पेट्रोलाचीही चर्चा झाली. २०२५ पासून आपल्याकडील पेट्रोलांत सुमारें २० टक्के इथेनॉल असतें. इथेनॉलची उष्णता लिटरमागें पेट्रोलच्या सुमारें दोन-तृतीयांश. म्हणून अशा मिश्रणानें सहासात टक्क्यांची तूट येणारच. आमची तूट तिसऱ्या हिश्शाहून अधिक होती. आणि इथेनॉलांत प्राणवायु असल्यामुळें त्यानें मिश्रण पातळ होतें, प्लग फिकट पडतात. आमचे काळे होते. तेव्हां सारा बोल त्याच्यावर ठेवतां येत नव्हता. जुन्या रबरास मात्र तें मानवत नाहीं. ओलसर नळी त्याचीच साक्ष देत होती. ती बदलून नव्या प्रकारची घातली.

दुरुस्तीचा सारा खर्च बोअरिंगच्या आंकड्याच्या दहाव्या हिश्शाइतकाही झाला नाहीं. पुढच्या आठवड्यांत तोच रस्ता, तीच माणसें व तेच पंप ठेवून पुन्हां मोजणी केली, तेव्हां ५२ किलोमीटरांस ४·१ लिटर लागलें. म्हणजे लिटरमागें पावणेतेरा. तीर्थरूपांच्या चौदांतून इथेनॉलची तूट वजा केली तर उरलें तें केवळ वयाचें देणें. काकांनीं वही स्वतः तपासली आणि नूतनीकरणास संमति दिली. अशा मोटारींत धूर शुद्ध करणारें आधुनिक साधन नसतें, ही त्यांची दुसरी हरकत मात्र खरी आहे. म्हणून रोजच्या कामास ती न वापरतां महिन्यांतून दोनदां फिरवावी असें ठरलें.

समुद्रकांठीं राहाणाऱ्या वाचकांनीं यांतून एवढें ध्यानांत घ्यावें. खाऱ्या हवेंत उभी राहिलेली मोटार चालण्यापेक्षां बसण्यानेंच अधिक बिघडते. स्प्रिंगा, तारा व दट्ट्ये आधीं गंजतात. पेट्रोल अधिक लागूं लागल्यास प्रथम तें मोजावें. मग चाकांची हवा, ब्रेकांची उष्णता, नळ्यांची गळती, हवेची गाळणी, चोक, प्लग व त्यांची ठिणगी हा क्रम ठेवावा. फ्लोटची सुई व कार्ब्युरेटरांतील छिद्रें त्यानंतर पाहावीं. सिलिंडरांचा दाब मोजून कमी भरला, तेल उतरूं लागलें व धूर निळा दिसला, तरच इंजिन उतरविण्याची परवानगी द्यावी. आणि त्या कारणानें कां होईना, मुरूडचा रस्ता एकदां अवश्य करावा.