फक्त शिक्षणासाठी

आमच्या वाडीतील चाकरमान्यांचे मंडळ दरवर्षी मुंबईहून गावाला देणगी पाठवते. सोबतच्या पत्रात एकच अट असते : 'रक्कम फक्त शिक्षणासाठी वापरावी.' यंदा हिशेब लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. कॉलेजची पायरी चढलेली घरातली मी पहिलीच !

जुनी वही चाळली. दरवर्षी एकच नोंद : 'गुणवंतांना वह्या व दप्तरे.' तीन वर्षे त्या यादीत माझे नाव होते. सत्काराला आई नवी साडी नेसून पुढे बसली होती, ते आठवले. पण खरे सांगू ? त्या वह्या मिळाल्या नसत्या तरी बाबांनी चार मासे जास्त विकून त्या घेतल्याच असत्या. माझा चुलतभाऊ मात्र त्या यादीत कधीच आला नाही. सातवीत असूनही त्याला धडा सलग वाचता येत नव्हता. शेवटी शाळा सुटली. आज तो रापणीवर जातो.

अर्थशास्त्राच्या तासाला २०१९ च्या नोबेल मानकऱ्यांविषयी ऐकले होते : अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर. केनियात शाळांना पाठ्यपुस्तके वाटली, तेव्हा फायदा आधीच पुढे असलेल्या मुलांना झाला. जंतांच्या गोळ्या दिल्या, तेव्हा गैरहजेरी सुमारे पाव हिश्श्याने घटली. आपल्याकडे त्या गोळ्या सरकार शाळेतून देतेच. मग आपला पैसा कुठे हवा ? 'प्रथम' संस्थेने मुंबई व बडोद्यात मागे पडलेल्या मुलांसाठी 'बालसखी' नेमल्या होत्या. वस्तीतलीच शिकलेली मुलगी रोज सुमारे दोन तास शिकवी. २००१ ते २००३ या काळात ते काम तपासले, तेव्हा सर्वांत जास्त प्रगती मागच्याच मुलांची दिसली.

देवळातल्या बैठकीत हे मी भीतभीतच मांडले. एक आजोबा म्हणाले, "बाये, पैशे शिक्षणाचे आसत. वह्या नको तर काय देवळार घालूया ?"

"नाय आजोबा, शिक्षणारच घालूया. पण ज्येका वाचूक येना नाय, तेच्यार."

कुणी म्हणाले, वाटपाचा फोटो मुंबईला पाठवावा लागतो. तेही खोटे नव्हते. वाचू लागलेले मूल फोटोत कसे दाखवायचे ?

अखेर निम्मी रक्कम वह्यांना, निम्मी वाडीतल्या एका मुलीच्या मानधनाला ठरली. दात्यांची अट कुठेच मोडली नाही.

वर्ग संध्याकाळी भरतो. चुलतभावाला मी सांगितले आहे. तो नुसता हसला. अजून आलेला नाही.